दाजींचे आगाऊ पेढे

जगात बहुतेक माणसं आधी काहीतरी चांगलं घडू देतात आणि मग हसतात. आमचे दाजी आधी हसून घेतात, पेढे वाटून मोकळे होतात आणि मग ती चांगली गोष्ट घडायची वाट बघत दारात उभे राहतात. बारामतीपासून इंदापूरपर्यंत या स्वभावाचा दुसरा माणूस सापडला तर त्याचा जाहीर सत्कार करायला मी तयार आहे. अर्थात, सापडल्यावर. माझ्या जागी दाजी असते तर त्यांनी हार, शाल, नारळ आधीच आणून ठेवले असते आणि मग माणूस शोधायला निघाले असते.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पळसदेवच्या अलीकडे, उजनीच्या पाण्याला लागून असलेल्या एका वस्तीवर त्यांचं घर आहे. घरामागे थोडा ऊस आहे आणि लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते मशीनवर आहेत. अंगानं उंच, मिशी भरघोस आणि आवाज असा, की ते फोनवर बोलायला लागले की हातातला फोन उगाच धरलाय असं वाटावं. ताईला बघायला ते बारामतीला आमच्या घरी आले, पोहे खाल्ले, चहा घेतला, आणि ‘कळवतो’ असं म्हणून रीतसर निघून गेले. आमचे वडील विचार करत होते. मुलगा बरा वाटतो, पण जरा मोठ्यानं बोलतो, असं आईला सांगत होते. दुसऱ्या दिवशी वडील कामासाठी भिगवणला निघाले, तर एसटीच्या कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता त्यांचं अभिनंदन केलं. ‘काल तुमचं जावई आमच्याच गाडीला हुतं की! सगळ्या गाडीला शेंगदाणं वाटलं.’ वडील घरी आले, चप्पल काढली आणि म्हणाले, ‘आता नाही म्हणालो तर मला त्या गाडीनं जाता यायचं नाही.’ आमच्या ताईचं लग्न असं ठरलं. ती अजूनही म्हणते, ‘मला यांनी पसंत केलं आणि कंडक्टरनं होकार दिला.’

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की जुन्या देवळाचं शिखर उघडं पडतं. ते बघायला लांबून माणसं येतात. दाजींना एवढा धीर कुठला! एका वर्षी त्यांनी फोन केला, ‘पाव्हणं, शिखर दिसाय लागलंय, सगळ्यांना घिऊन या.’ आम्ही गाडी करून गेलो. काठावर उभे राहिलो. समोर नजर जाईल तिथपर्यंत पाणी, त्यावर दोन बगळे. दाजी हात लांब करून सांगत होते, ‘ते बघा, तितं. त्या बगळ्याच्या थोडं उजवीकडं.’ आम्ही बघत होतो. माझ्या बायकोनं तर सौजन्यानं नमस्कारही केला. शेवटी मी विचारलं, ‘दाजी, शिखर कुठं आहे?’ तर म्हणाले, ‘हाय की. पाण्याखाली हाय. आणखी थोडं पाणी गेलं की झालंच.’ दुपारी जेवायला चिलापी मासा ठरला होता. ताईनं त्यांच्या सांगण्यावरून मसाला वाटून ठेवला होता, तव्यात तेल तापत होतं, आणि मासे अजून धरणात होते. त्या दिवशी आम्ही मसाल्याचा रस्सा आणि भाकरी खाल्ली. पण एक सांगतो, इतकं हसत जेवलेलं मला दुसरं जेवण आठवत नाही.

कधी कधी मात्र त्यांचं खरं व्हायचं, आणि तेच वाईट. ताई बाळंतपणासाठी दवाखान्यात असताना दाजी सकाळीच जिलेबी घेऊन आले. नर्सबाईंनी डोळे वटारले. ‘अजून काही झालेलं नाही. आणि मुलगी होणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ दाजी म्हणाले, ‘सांगायला कशाला कोण लागतंय? मला मुलगीच पायजे.’ आणि झाली मुलगी! नर्सबाईंनी मग मुकाट्यानं जिलेबी खाल्ली. तिचं नाव आराध्या ठेवलं, आणि घरात झाली आरू. त्या दिवसापासून दाजींची खात्री पटली, की आपल्या बाबतीत असंच चालतं.

आरूची अंगणवाडी संपत आली तेव्हा दाजींनी जाहीर केलं की ती बारामतीच्या एका मोठ्या शाळेत जाणार. शाळेचं नाव मी सांगत नाही, पण आमच्याकडे त्या शाळेचा गणवेश घातलेलं मूल रस्त्यानं निघालं की बायका थांबून त्याच्या आईकडे बघतात. मोठं मैदान, स्वतःची वाचनाची खोली, पोहण्याचा तलाव. उजनीच्या काठावरच्या पोरीला तलावाचं काय कौतुक, असं ताई म्हणाली, पण तिचं ऐकतो कोण! योजना तयार होती. ताई आणि आरू आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला येणार, दाजी मोटरसायकलनं ये-जा करणार. मीही खूश होतो. मी इथल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि भाची रोज संध्याकाळी खाली येऊन पुस्तकं ओढून काढेल, असं चित्र मीसुद्धा मनात रंगवून ठेवलं होतं. दाजींची संगत, दुसरं काय!

अडचण एवढीच होती, की जागा थोड्या आणि मुलं फार. म्हणून शाळा सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढायची. दाजींना ही अडचण वाटलीच नाही. त्यांनी आदल्या दिवशी कारखान्यात पेढे वाटले, वस्तीवर वाटले, दूध घालायला गेले तिथे वाटले. मी फोनवर म्हणालो, ‘दाजी, सोडत उद्या आहे.’ ते म्हणाले, ‘म्हणून तर आज वाटतोय. उद्या गडबडीत हुतंय का?’

सोडतीच्या सकाळी शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आईवडील नटून आलेले, काहीजण डोळे मिटून पुटपुटत होते. दाजी पांढराशुभ्र सदरा घालून, मांडीवर पेढ्यांचा शेवटचा मोठा पुडा घेऊन माझ्या शेजारी बसले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी पितळी घागरीत हात घातला आणि एकेक नाव वाचायला सुरुवात केली. थोड्या वेळानं त्यांनी वाचलं, ‘आराध्या...’ दाजी ताडकन उभे राहिले, ‘हाय! हजर हाय!’ बाईंनी पुढचं नाव वाचलं. वडिलांचं नाव दुसरं, आडनाव दुसरं. दाजी बसले. आता त्या वर्षी जन्मलेल्या पोरींत अर्ध्या आराध्या, हे आम्हाला काय माहीत! पुन्हा थोड्या वेळानं ‘आराध्या’ आली, दाजी पुन्हा उभे राहिले, पुन्हा बसले. पुढं पुढं तर सभागृहालाच सवय झाली. बाईंनी ‘आ’ म्हटलं की सगळे आधी दाजींकडे बघायचे. एकदा तो ‘आदित्य’ निघाला तरी दाजी अर्धे उठले होते. लोक हसत होते, पण वाईट हसत नव्हते. मला वाटतं, निम्म्या सभागृहाला स्वतःच्या मुलाइतकीच दाजींच्या आराध्याची काळजी लागली होती.

शेवटची चिठ्ठी निघाली. ‘आराध्या...’ बाई क्षणभर थांबल्या. दाजी उभे राहिले, मीसुद्धा उभा राहिलो. आडनाव दुसरंच होतं.

आमच्या मागच्या रांगेत एक बाई एकट्याच आल्या होत्या. ती त्यांची आराध्या. त्यांना हसू फुटत होतं आणि रडूही, आणि सांगायला शेजारी ओळखीचं कुणी नव्हतं. आमचं नाव वेटिंगमध्ये होतं, पण इतकं मागं, की तो नंबर लागेपर्यंत आरूचं कॉलेज झालं असतं. मी दाजींच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो, तर ते जागेवर नव्हते. त्या बाईंसमोर उभे होते. हातातला पुडा त्यांनी पुढं केला.

‘घ्या ताई, वाटा.’

‘अहो, पण हे तुमचे...’

‘आराध्याचंच हायेत. नाव तेच हाय. घ्या.’

बाईंनी पुडा घेतला आणि पहिला पेढा दाजींनाच दिला. दाजींनी तो खाल्ला. 

त्यांना एकटं सोडवेना म्हणून मी त्यांच्याच मोटरसायकलवर मागं बसून वस्तीवर निघालो. भिगवणपर्यंत दाजी एक शब्द बोलले नाहीत. दाजी गप्प म्हणजे काय हे समजायला त्यांच्याबरोबर मोटरसायकलवर बसावं लागतं. एरवी ते मान मागं वळवून इतकं बोलतात, की रस्ता मागच्या माणसानं बघायचा असतो. एका रसवंतीवर गाडी थांबवली. उसाचा रस समोर आला तरी ते ग्लासकडे नुसते बघत राहिले. मी म्हणालो, ‘दाजी, पण एवढं आधी सगळ्यांना सांगायचं कशाला?’ ते रागावतील असं वाटलं होतं. ते हळू आवाजात बोलायला लागले.

‘पाव्हणं, आमच्या घरात चांगलं कायबी घडलं तरी ते सरल्यावर कळायचं. मी चौथीत पयला आलो, तर वडलांना ते दिवाळीत कुणीतरी सांगितलं. म्हणले, बरं हाय. झालं. तवापासनं मला वाटतं, की चांगली गोष्ट बुजरी असती. आपण आधी बोलून ठेवलं, हाक मारली, की तिला यावंच लागतं.’ मग ग्लास उचलून म्हणाले, ‘ह्या टायमाला आली न्हाय. आता आरूला काय सांगू, ते सांगा.’

 मी रसात लिंबू पिळत राहिलो.

वस्तीच्या चौकात पोचलो तेव्हा खरा प्रसंग समोर आला. दाजींनी त्या सकाळीच चौकात फ्लेक्स लावून घेतला होता. ‘बारामतीच्या नामांकित शाळेत प्रवेश मिळविल्याबद्दल कु. आराध्या हिचे हार्दिक अभिनंदन!’ मध्यभागी आरू, काळा गॉगल लावून, हाताची घडी घालून. खाली शुभेच्छुक म्हणून सगळं गणगोत, त्यात मीही. माझा फोटो कुठल्याशा लग्नातला, डोळे मिटलेला. आणि फ्लेक्सच्या खाली स्वतः कु. आराध्या तोच गॉगल लावून उभी, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं अभिनंदन स्वीकारत होती. ताई शेजारी डोक्याला हात लावून बसली होती. फोनवर मी तिला सगळं कळवलं होतं, पण पोरीला सांगायचा तिला धीर झाला नव्हता.

दाजींनी गाडी लावली, शेजारच्या दुकानातली शिडी आणली आणि कुणाशी न बोलता वर चढले. दोरीची पहिली गाठ सोडली तेवढ्यात आरूनं गॉगल कपाळावर सरकवला.

‘पप्पा, माझा फोटो का काढताय?’

‘वाऱ्यानं फाटंल, बाळा.’

‘वारं कुठाय?’

दाजी दुसऱ्या गाठीकडे वळले. आरूनं माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. पोरीला कळलं.

‘मला शाळंत न्हाय घेतलं व्हय?’ आणि मग जरा वेळानं, ‘पण मी तर तितं गेलेच न्हवते. मला बघितलं बी न्हाय. मग न्हाय कसं काय म्हणले?’

दाजी शिडीवर, एका हातात सुटलेली दोरी. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे आधी तयार ठेवलेलं काही नव्हतं. ते म्हणाले, ‘तुला कोण न्हाय म्हणलंच न्हाय. घागरीत चिक्कार चिठ्ठ्या हुत्या. बाईंच्या हाताला दुसऱ्या आराध्या लागल्या. तू आपली खाली राहिलीस, शांत झोपून.’

‘मग मी कुठल्या शाळंत जायचं?’

दाजींनी मान वर केली. शिडीवरून जे दिसत होतं त्यात ऊस होता, पाण्याची एक पट्टी होती आणि रस्त्याच्या पलीकडे वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा होती. दोन खोल्या, पुढं कडुनिंब. वस्तीवरची बरीच पोरं पिवळ्या बसनं लांबच्या शाळांना जायची. ही शाळा रोज डोळ्यांसमोर असून कुणी तिच्याकडे नीट बघत नसे.

‘ह्या शाळंत,’ दाजी म्हणाले. ‘हितनं दिसती बघ.’

‘खरंच? मग घरी जेवायला येता येईल?’

‘येईल की.’

‘मग फोटो कशाला काढताय?’ आरू म्हणाली. ‘शाळंतच चाललीय की मी.’

ताई पहिल्यांदा हसली. मग मी. दाजी शिडीवरच हसायला लागले आणि शिडी हलायला लागली, म्हणून मी ती घट्ट धरली. त्यांनी दोरीची गाठ पुन्हा मारली, आधीपेक्षा पक्की. दुसऱ्या दिवशी भिगवणहून एक पट्टी छापून आणली आणि ‘बारामतीच्या नामांकित’ यावर चिकटवली. आता फ्लेक्स म्हणत होता, ‘आपल्या वस्तीवरील शाळेत प्रवेश मिळविल्याबद्दल कु. आराध्या हिचे हार्दिक अभिनंदन!’

पुढं जे झालं ते कुणीच ठरवलेलं नव्हतं. लोक फ्लेक्स वाचायचे आणि विचारात पडायचे. वस्तीवरच्या शाळेत प्रवेश मिळाला म्हणून फ्लेक्स लागतो, म्हणजे तिथे नक्की काहीतरी सुरू झालंय. दोघंतिघं दबक्या आवाजात दाजींना विचारायला आले, ‘आमच्या पोराचा नंबर लागंल का हितं?’ दाजींनी मिशीवर बोट फिरवलं आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, ‘लई अवघड हाय. पण बाईंशी बोलून बघतो.’ शाळेतल्या बाई मुलं मिळावीत म्हणून घरोघर फिरून दमल्या होत्या. जूनमध्ये चार घरचे लोक आपणहून आले आणि ‘आमचं तेवढं बघा’ म्हणून हात जोडायला लागले, तेव्हा बाईंनी घाईघाईनं हजेरीचं पुस्तक उघडलं.

पहिल्या दिवशी नव्या मुलांना सजवलेल्या ट्रॅक्टरमधून शाळेत आणलं. पुढं हलगी, ट्रॉलीला केळीचे खुंट, आणि ट्रॉलीत सगळ्यात पुढं आरू, अर्थात गॉगल लावून. घरापासून शाळा अगदी जवळ, म्हणून दाजींनी ट्रॅक्टर सगळ्या वस्तीला फिरवून आणला. बाईंच्या स्वागताच्या भाषणानंतर त्यांनी माईक हातात घेतला आणि जाहीर केलं, की शाळेत वाचनालय होणार, ‘आणि आमचं बारामतीचं पाव्हणं पुस्तकं देणार!’ टाळ्या झाल्या. त्या पाव्हण्याला हे टाळ्यांबरोबरच कळलं. पुढच्या रविवारी मी घरातली, मित्रांकडची, ओळखीच्या दुकानांतली मुलांची पुस्तकं गोळा करून घेऊन गेलो. मग दाजींनी भिंतीवर चित्रं जाहीर केली, मग भाजीचा वाफा जाहीर केला. बाई एकदा मला म्हणाल्या, ‘आरूचे पप्पा आधी सांगून टाकतात आणि मग मला करावं लागतं. पण खरं सांगू? केल्यावर बरं वाटतं.’

बारामतीच्या त्या शाळेचं नाव दाजींनी कधी कडवटपणे घेतलं नाही. बाजारात पेढ्यांचा पुडा घेतलेल्या त्या बाई भेटल्या तर ‘तुमची आराध्या काय म्हणती?’ असं विचारतात आणि आपल्या आराध्याचं इतकं सांगतात, की बाईंची भाजी वाळून जाते. मला मात्र अधूनमधून वरचा मजला रिकामा जाणवतो. संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजतील असं वाटतं. मग मी रविवारी उठतो आणि वस्तीवर जातो. पुस्तकं नेण्याचं निमित्त असतंच.

आरू आता चौथीत आहे. या हिवाळ्यात तिथं गेलो, तर शाळा सुटल्यावर ती कडुनिंबाखाली पहिलीच्या पोरांना गोलात बसवून गोष्ट वाचून दाखवत होती. एक पोरगं मध्येच उठलं, तर तिनं न बघता त्याच्या शर्टाची कड धरून खाली बसवलं आणि वाचन चालू ठेवलं. दाजी आणि मी ओट्यावर चहा घेत होतो. ही शाळा चौथीपर्यंतच. जूनमध्ये तिला इंदापूरला नाहीतर बारामतीला जावंच लागणार. मी म्हणालो, ‘दाजी, पाचवीचं काय ठरवलंय? आमच्याकडं पाठवताय ना?’

आता आवाज चढेल, बेत कळतील, कदाचित वह्यासुद्धा आणून ठेवल्या असतील, असं मला वाटलं. दाजी बराच वेळ आरूकडे बघत राहिले.

‘बघू की,’ ते म्हणाले. ‘जून काय, यील त्याचा त्यो. आपण कशाला हाक मारायची?’

 चहा निवत होता, तो तसाच निवू दिला. तिकडं आरूनं पान उलटलं.